एकोणचाळीस अंकांची एक मूळ संख्या



ज्या विषयावर मी आज बोलणार आहे तो माझा नव्हे, ही कबुली प्रथमच दिलेली बरी. माझे पदव्युत्तर शिक्षण मराठी भाषा व साहित्य या विषयात झाले आणि गेली अनेक वर्षे भाषांतर हाच माझा व्यवसाय आहे. गणिताशी माझा संबंध आला तो भाषांतराच्या वाटेने आणि तो दृढ झाला तो माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. त्या चुकीपासूनच आरंभ करते.

काही वर्षांपूर्वी संख्यांच्या गुणधर्मांविषयीचे एक लहानसे पुस्तक मी मराठीत आणीत होते. त्यात एक संख्या छापलेली होती. वाचायला सोपे जावे म्हणून तिचे तीन-तीन अंकांचे गट पाडून सांगते: १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७. एकूण अंक एकोणचाळीस. ही संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला दुसरा कोणताही विभाजक नाही, असे लेखकाने सांगितले होते. मी ते वाक्य भाषांतरित केले, अंक उतरवून घेतले आणि पुढे गेले. पक्की प्रत तपासण्यासाठी एका निवृत्त गणितशिक्षकांकडे गेली होती. ती परत आली तेव्हा त्या पानाच्या समासात पेन्सिलीने एकच ओळ लिहिलेली होती: ‘बाई, आपली ही संख्या ११ने विभाज्य आहे.’

मी चक्रावून गेले. मूळ पुस्तक उघडून अंक अन् अंक ताडून पाहिला. पाचव्या गटात ४६९च्या जागी मी ४९६ लिहिले होते! त्याच आठवड्यात परिपूर्ण संख्यांविषयीचे प्रकरण मी संपविले होते. ६, २८, ४९६ या संख्या सारख्या डोळ्यांपुढे होत्या आणि हात आपोआप तिकडे वळला होता. दोन अंकांची अदलाबदल झाली आणि जिला कोणीही भागू शकत नाही ती संख्या अकराची एक सामान्य पट होऊन बसली. काव्याच्या भाषांतरात एक शब्द ढळला तरी अर्थ थोडाफार तग धरून राहतो. येथे तसे काहीच राहिले नव्हते.

शिक्षकांनी ही चूक कशी पकडली ते पुढे त्यांनीच मला दाखविले आणि ते कोणालाही कागद-पेन्सिलीने करून पाहता येईल. संख्येतील एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या. बरोबर लिहिलेल्या संख्येत पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा स्थानांवरील अंकांची बेरीज ८० येते आणि दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अशा स्थानांवरील अंकांची ७४. अंतर ६. म्हणजे ११ने भागल्यास बाकी ६ उरते. माझ्या चुकीच्या संख्येत दोन्ही बेरजा ७७ येत होत्या; अंतर शून्य, म्हणजे ११ने निःशेष भाग जाणार. सारा खटाटोप दोन मिनिटांचा.

चूक उघडकीस आली आणि दुरुस्तही झाली. पण माझ्या मनात एक प्रश्न राहून गेला. माझी संख्या विभाज्य आहे हे सिद्ध करायला दोन मिनिटे पुरली. मग मूळ पुस्तकातील संख्या कशानेच विभाज्य नाही हे कोणी सिद्ध केले, आणि कसे? एवढ्या मोठ्या संख्येला भागून पाहण्यासारखे भाजक किती असतील! ते सर्व कोणी तपासले होते काय? की कोणा मोठ्या माणसाने म्हटले म्हणून ते खरे मानले गेले? या प्रश्नाचे जे उत्तर मला मिळाले तेच आज आपणांपुढे ठेवणार आहे.

प्रथम या संख्येचा परिचय. दोनाला दोनाने, पुन्हा दोनाने, असे गुणत जाऊन एकंदर १२७ दोनांचा गुणाकार केला आणि त्यातून एक वजा केला की ही संख्या मिळते. म्हणजे २चा १२७वा घात, उणे १. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक, दश, शत येथून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या एकोणचाळीस अंकांची. परार्धाला परार्धाने गुणून जे येईल त्याच्याही ती सतरा हजार पटींहून मोठी आहे.

छंदःशास्त्र शिकलेल्या माणसाला ही संख्या आणखी एका वाटेने भेटते. वृत्ताच्या चरणात जितकी अक्षरे, तितक्या जागी लघू किंवा गुरू यांपैकी काहीही येऊ शकते. एका अक्षराचे प्रकार दोन, दोन अक्षरांचे चार, तीन अक्षरांचे आठ. पिंगलाच्या परंपरेत यालाच प्रस्तार म्हणतात. आता १२७ अक्षरांचा एक चरण कल्पावा, त्याचे लघुगुरूंचे सर्व प्रस्तार मांडावेत आणि त्यांतून सर्व अक्षरे गुरू असलेला एकच प्रस्तार वगळावा. जे उरतील त्यांची संख्या म्हणजेच आपली ही संख्या.

दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या संख्यांना आज मर्सेन संख्या म्हणतात. मारँ मर्सेन हा सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मोपदेशक. त्या काळच्या युरोपातील अनेक विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार चाले. १६४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका ग्रंथात त्याने असे विधान केले की, २५७पर्यंतचे घातांक घेतल्यास २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरा घातांकांनाच अशी संख्या मूळ असते. घातांक स्वतः मूळ नसेल तर ही संख्या मूळ असू शकत नाही, हे सहज दाखविता येते. पण घातांक मूळ असला म्हणजे काम भागले असेही नाही. ११ मूळ आहे. तरी २चा ११वा घात उणे १, म्हणजे २०४७, ही २३ आणि ८९ यांचा गुणाकार आहे. तेव्हा प्रत्येक घातांकाची परीक्षा स्वतंत्रपणेच घ्यावी लागते.

मर्सेनने या परीक्षा घेतल्या होत्या काय? त्याच्या समकालीनांनाही तसे वाटले नसावे. त्या काळी हाताशी असलेल्या साधनांनी २चा १२७वा घात उणे १ या संख्येची तपासणी कोणाही माणसाच्या आवाक्यातील नव्हती. यादी मात्र ग्रंथात छापली गेली आणि छापील शब्दाला जे वजन येते ते तिला येऊन, पुढची सव्वादोनशे वर्षे ती एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिली.

दरम्यान, १७७२ साली लिओनार्ड ऑयलरने २चा ३१वा घात उणे १, म्हणजे २१४७४८३६४७, ही संख्या मूळ असल्याचे दाखविले. संख्येला लहान विभाजक असेल तर तो तिच्या वर्गमूळाहून मोठा असू शकत नाही. म्हणून तपास ४६३४०च्या आतच संपतो. शिवाय अशा संख्येचे विभाजक विशिष्ट साच्याचेच असू शकतात हे ऑयलरला ठाऊक होते. त्यामुळे मोजक्याच भाजकांनी भागून पाहणे त्याला पुरले. १८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने तर असे भाकीत केले की, या संख्येपासून निघणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या यापुढे कधी शोधलीच जाणार नाही. त्याचे कारण त्याच्या मते साधे होते: या संख्या केवळ कुतूहलाच्या, त्यांचा उपयोग काही नाही; तेव्हा त्यांच्यापुढे जाण्याचा खटाटोप कोण करील?

ऑयलरचीच रीत आपल्या संख्येला लावून पाहू. तिचे वर्गमूळ वीस अंकांचे आहे. विभाजकांचा साचा लक्षात घेऊन नको ते सर्व भाजक गाळले, तरी सुमारे अडीचशे कोटी कोटी, म्हणजे अंकात सांगायचे तर २५,००,००,००,००,००,००,००० इतके भाजक उरतात. सेकंदाला एक याप्रमाणे रात्रंदिवस भागाकार केले तरी सुमारे ऐंशी कोटी वर्षे लागतील. भागून पाहण्याचा मार्ग येथे बंदच होतो. नवा मार्ग पाहिजे होता, आणि तो काढला एदुआर ल्युका याने.

ल्युकाचा जन्म १८४२ साली फ्रान्समधील आमियँ येथे झाला. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो तोफखान्यात अधिकारी होता. युद्धानंतर प्रथम मूलँ या गावी आणि नंतर पॅरिसमध्ये त्याने विद्यालयांतून गणित शिकविले. खेळ आणि कोडी यांची त्याला विलक्षण आवड. ‘हनोईचा मनोरा’ हे खेळणे त्यानेच १८८३ साली प्रचारात आणले. तीन खुंट्या, त्यांपैकी एकीवर लहान होत गेलेल्या तबकड्यांची उतरंड. एका वेळी एकच तबकडी हलवायची आणि मोठी तबकडी लहानीवर ठेवायची नाही. या खेळण्याच्या जोडीने फ्रान्समध्ये एक कथाही पसरली: काशीच्या एका मंदिरात चौसष्ट सुवर्णतबकड्यांचा असा मनोरा आहे, पुजारी अहोरात्र त्या हलवीत असतात आणि ज्या दिवशी त्या दुसऱ्या खुंटीवर पोहोचतील त्या दिवशी जगाचा अंत होईल. काशीत असे मंदिर नाही. ही कथा पॅरिसची. पण तिच्यातले गणित खरे आहे. चौसष्ट तबकड्या हलवायला २चा ६४वा घात उणे १ इतक्या हालचाली लागतात. सेकंदाला एक या वेगाने सुमारे ५८ हजार कोटी वर्षे. आणि तबकड्या १२७ असतील, तर लागणाऱ्या हालचालींची संख्या म्हणजेच आजच्या भाषणाचा विषय असलेली संख्या.

१८७६ साली ल्युकाने जाहीर केले की २चा १२७वा घात उणे १ ही संख्या मूळ आहे. त्याची रीत अशी. आरंभी ३ हा अंक घ्यावा. त्याचा वर्ग करून त्यातून २ वजा करावे. जे येईल त्याचा पुन्हा वर्ग करून २ वजा करावे. उत्तर तपासावयाच्या संख्येहून मोठे झाले तर त्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवावी. हे कृत्य घातांकाहून दोनाने कमी इतक्या वेळा करावे. शेवटी शून्य आले तर संख्या मूळ. शून्य आले नाही तर नव्हे. ३पासून आरंभ करण्याची ही रीत, ज्या मूळ घातांकाला ४ने भागल्यास ३ बाकी उरते त्याला लागू पडते. १२७ तसाच आहे.

एक लहान उदाहरण येथेच करून पाहू. घातांक ७ घेऊ. त्याचीही ४ने भागल्यावर बाकी ३ येते. २चा ७वा घात उणे १ म्हणजे १२७. कृत्य पाच वेळा करायचे. आरंभ ३. तीनचा वर्ग ९, उणे २, आले ७. सातचा वर्ग ४९, उणे २, आले ४७. सत्तेचाळीसचा वर्ग २२०९, उणे २, आले २२०७. १२७ने भागून बाकी ४८. अठ्ठेचाळीसचा वर्ग २३०४, उणे २, आले २३०२, बाकी १६. सोळाचा वर्ग २५६, उणे २, आले २५४. आणि २५४ म्हणजे १२७ची बरोबर दुप्पट. बाकी शून्य. १२७ मूळ आहे हे ठरले आणि त्यासाठी एकाही भाजकाने तिला भागून पाहावे लागले नाही.

या उदाहरणातील ३, ७, ४७ हे अंक पाहून छंदःशास्त्राच्या अभ्यासकाला ओळखीचे काही दिसेल. मात्रावृत्तात लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन. अमुक मात्रांचा चरण किती प्रकारांनी भरता येईल याचा विचार विरहांक व हेमचंद्र यांनी केला होता. त्याचे उत्तर १, २, ३, ५, ८, १३ अशा मालिकेत मिळते. मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. युरोपात या मालिकेला फिबोनाचीचे नाव मिळाले ते ल्युकामुळेच. बेरजेचा हाच नियम ठेवून १ आणि ३पासून आरंभ केला की १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ अशी दुसरी मालिका मिळते. तिच्यातील दुसरी, चौथी आणि आठवी संख्या पाहा: ३, ७, ४७. ल्युकाची कसोटी याच मालिकेच्या अभ्यासातून निघाली. विरहांक आणि हेमचंद्र यांच्यापुढे मूळ संख्यांचा प्रश्न नव्हता, हे खरे. परंतु लघुगुरूंची मोजणी करताना जो नियम हाती लागला, त्याच नियमाच्या पोटी या कसोटीचे बीज होते हेही तितकेच खरे.

आता ऐंशी कोटी वर्षांच्या जागी केवळ १२५ वर्ग करायचे राहिले. पण प्रत्येक वर्ग एकोणचाळीस अंकांच्या संख्येचा! ल्युकाच्या हाताशी गणकयंत्र नव्हते. त्याने संख्या द्विमान पद्धतीने मांडल्या आणि १२७ उभ्या व १२७ आडव्या घरांच्या एका विशाल पटाचा उपयोग केला. द्विमान पद्धतीत संख्येचे अंक ० आणि १ एवढेच. जेथे १ तेथे सोंगटी ठेवायची, जेथे ० तेथे घर रिकामे. एकाच उभ्या रांगेत दोन सोंगट्या आल्या की त्या उचलून डावीकडच्या रांगेत एक ठेवायची. आणि भागाकार? तो करावाच लागत नाही. २च्या १२७व्या घाताला आपल्या संख्येने भागले तर बाकी १ उरते. म्हणून पटाच्या डाव्या कडेबाहेर गेलेली सोंगटी उजवीकडून पुन्हा आत आणली की बाकी आपोआप मिळते.

आपल्या लहान उदाहरणातील शेवटची पायरी सात रांगांच्या पटावर पाहा. सोळा म्हणजे उजवीकडून पाचव्या रांगेत एक सोंगटी; पहिल्या रांगेपासून चार घरे डावीकडे. वर्ग करायचा म्हणजे ती आणखी चार घरे सरकवायची. दोन घरे सरकताच ती कडेला येते, तिसऱ्या खेपेस उजवीकडून आत येते आणि चौथ्या खेपेस दुसऱ्या रांगेत थांबते. तिचे मोल २. त्यातून २ वजा केले. पट रिकामा झाला. संख्या मूळ!

परंतु पट रिकामा झाला म्हणून संख्या मूळ का? मला जसे समजले तसे सांगते. आपल्या संख्येला एखादा लहान विभाजक आहे असे क्षणभर धरून चाला. तो तिच्या वर्गमूळाहून मोठा नसणार. ल्युकाच्या मालिकेमागे ५च्या वर्गमूळापासून बनलेल्या एका संख्येचे घात दडलेले असतात. त्या विभाजकाच्या बाक्यांत हे घात जणू एका वर्तुळाकार मार्गावरून प्रदक्षिणा घालतात. या मार्गावरील थांब्यांची संख्या त्या विभाजकाच्या वर्गाहून कमीच असते, म्हणजे आपल्या संख्येहूनही कमी. आता १२५ पायऱ्यांनंतर शून्य येणे याचा अर्थ असा निघतो की प्रदक्षिणा पुरी व्हायला नेमके २चा १२७वा घात इतके थांबे लागतात. हे आपल्या संख्येहून एकाने अधिक! कमी थांब्यांच्या मार्गावर अधिक थांब्यांची प्रदक्षिणा मावणार कशी? म्हणून तसा विभाजक असू शकत नाही. सगळे भाजक एकेक करून नाकारण्याऐवजी ल्युकाने ते एकाच युक्तिवादाने नाकारले.

ल्युकाच्या सिद्धतांमध्ये काही दुवे अपुरे राहिले होते. १९३०च्या सुमारास अमेरिकेतील डी. एच. लेमर याने ते पुरे केले आणि ३ऐवजी ४पासून आरंभ करून ही कसोटी सर्व विषम मूळ घातांकांना लागू पडेल अशी केली. आज ती ल्युका-लेमर कसोटी या जोडनावाने ओळखली जाते. १२७ विषयीचे ल्युकाचे गणित १९१४ साली फोकेम्बेर्ग या फ्रेंच गणितज्ञाने नव्याने केले आणि निष्कर्ष तोच निघाला. संख्या मूळ होती.

मर्सेनच्या यादीचे काय झाले, हे येथे सांगणे आवश्यक आहे. १२७ विषयी मर्सेन बरोबर ठरला. पण त्याच कसोटीने १८७६ साली ल्युकाला दिसले की २चा ६७वा घात उणे १ ही संख्या मूळ नाही. पुढे १८८३ साली पेर्वुशिन या रशियन खेडेगावातील धर्मगुरूने घातांक ६१ घेतल्यास संख्या मूळ असते हे सिद्ध केले. ६१ यादीत नव्हता. पॉवर्स या अमेरिकन गृहस्थाने १९११ साली ८९ची आणि १९१४ साली १०७ची भर घातली. अखेर २५७ही यादीतून गळाला. दोन घातांक चुकीने घेतलेले आणि तीन राहून गेलेले. एकंदर पाच चुका. तरी त्या यादीचे आणि मर्सेनच्या नावाचे महत्त्व नाहीसे झाले नाही. तिने लोकांना कामाला लावले, हे काही थोडे नव्हे.

६७ची हकीकत आणखी एका कारणाने लक्षात राहते. ती संख्या विभाज्य आहे हे ल्युकाने सांगितले, पण तिचे विभाजक कोणते हे त्याची कसोटी सांगू शकत नव्हती. ते सत्तावीस वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन गणित परिषदेच्या सभेत एफ. एन. कोल यांचे व्याख्यान झाले. असे सांगतात की ते एक शब्दही बोलले नाहीत. फळ्याच्या एका बाजूस त्यांनी २चा ६७वा घात काढून त्यातून १ वजा केला. दुसऱ्या बाजूस १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ या दोन संख्यांचा गुणाकार मांडला. दोन्हीकडे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ हेच उत्तर आले, आणि ते जागेवर जाऊन बसले. सभेने टाळ्या वाजविल्या. विभाज्यता अशी असते; एकदा विभाजक सापडला की शब्दांची गरज उरत नाही. अविभाज्यतेला मात्र युक्तिवाद लागतो.

ल्युकाची ही संख्या पाऊणशे वर्षे ज्ञात मूळ संख्यांमध्ये सर्वांत मोठी होती. १९५१ साली तिचा विक्रम मोडला. त्या वर्षी मिलर आणि व्हीलर यांनी केंब्रिजच्या एडसॅक गणकयंत्रावर एकोणऐंशी अंकांची जी मूळ संख्या शोधली, ती याच संख्येचा वर्ग करून, त्याला १८०ने गुणून आणि १ मिळवून बनलेली होती. जानेवारी १९५२ मध्ये रॉबिन्सन यांनी लिहिलेली आज्ञावली लॉस एंजलिसच्या स्वॅक यंत्रावर चालविण्यात आली आणि घातांक ५२१ व ६०७ असलेल्या दोन मूळ संख्या मिळाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये शोधलेल्या मर्सेन मूळ संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ असून तिचे अंक ४,१०,२४,३२० आहेत. एका पृष्ठावर दोन हजार अंक छापले तरी ती छापायला वीस हजारांहून अधिक पृष्ठे लागतील. जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापली यंत्रे या कामी लावली आहेत. तरीही हाताने केलेल्या गणिताने मूळ ठरलेली सर्वांत मोठी मर्सेन संख्या हा मान ल्युकाच्या संख्येकडेच आहे.

तिच्याविषयीचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. २ घ्या. २चा दुसरा घात उणे १ म्हणजे ३. २चा तिसरा घात उणे १ म्हणजे ७. २चा सातवा घात उणे १ म्हणजे १२७. २चा १२७वा घात उणे १ म्हणजे आपली संख्या. या पाचही संख्या मूळ आहेत. मग तीच घातांक म्हणून घेतली तर? हा प्रश्न काताला या गणितज्ञाने ल्युकाच्याच काळात पुढे मांडला. ती संख्या इतकी प्रचंड आहे की तिच्या अंकांची संख्याच अडतीस अंकी आहे. तिच्यापुढे ल्युकाची कसोटीही निरुपयोगी ठरते, कारण तेवढ्या पायऱ्या कोणतेही यंत्र चढू शकणार नाही. ती मूळ आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नाही.

आणि उपयोग? बार्लोचा आक्षेप तेवढा राहिला. १९७७ साली रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी गुप्त संदेशांची जी पद्धत मांडली, तिचा आधारच हा आहे की दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणे अत्यंत कठीण. कोल यांच्या फळ्यावर जे दिसले तेच हे. अशा पद्धतींसाठी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट ठरविता आले पाहिजे. ल्युकाची कसोटी विशिष्ट प्रकारच्या संख्यांपुरतीच होती. कोणत्याही संख्येला लागू पडणारी, बिनचूक आणि अंकांच्या मानाने माफक वेळात पुरी होणारी कसोटी असू शकते काय, हा प्रश्न दीर्घकाळ खुला होता. २००२ साली कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणीन्द्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तो सोडविला. त्यांतील दोघे नुकतेच पदवी घेतलेले विद्यार्थी होते. व्यवहारात आजही अन्य कसोट्या अधिक जलद चालतात. परंतु अशी कसोटी आहे, हे प्रथम सिद्ध झाले ते आपल्या देशात.

मी आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे परत येते. ही संख्या मूळ आहे हे कोणाच्या शब्दावर मानायचे? मर्सेनने म्हटले म्हणून मानावे, तर त्याच्या त्याच यादीत पाच चुका होत्या. ल्युकाने म्हटले म्हणून, तर त्याचेही गणित दुसऱ्याला पुन्हा करून पाहावे लागले, आणि त्याच्या सिद्धतेतील दुवे तिसऱ्याने पुरे केले. उत्तर असे की ते कोणाच्याच शब्दावर मानायचे नाही. जो मार्ग त्यांनी दाखविला तो सर्वांना खुला आहे. त्यावरून ज्याला जितके चालवेल तितके त्याने चालावे. मला सात रांगांच्या पटापर्यंत चालता आले. ज्याची तयारी अधिक आहे तो १२७ रांगांपर्यंत जाईल.

आम्हां भाषांतरकारांना या गोष्टीचे मोल विशेष वाटावे. जे आपण स्वतः सिद्ध करू शकत नाही ते लिहिण्याची पाळी आमच्यावर रोज येते. अशा वेळी ‘मूळ पुस्तकात आहे’ या आधारावर निर्धास्त राहण्याची सवय लागते. ती बरी नव्हे. संख्या मूळ आहे हे सिद्ध करणे माझ्या शक्तीबाहेरचे होते, हे मान्य. पण मी उतरविलेले अंक तेच आहेत काय हे पाहणे माझ्या शक्तीतले होते, आणि ते मी केले नव्हते. आता करते. २चा दहावा घात १०२४. त्याला ११ने भागले तर बाकी १. म्हणून २च्या १२०व्या घाताचीही बाकी १. उरलेला सातवा घात १२८, त्याची बाकी ७. त्यातून १ वजा केला की ६. आणि अंकांच्या दोन बेरजा ८० व ७४, अंतर ६. जुळले. ही पडताळणी संख्येचे मूळत्व सांगत नाही. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल मात्र तिच्यातून निसटत नाही आणि माझे काम तेवढेच होते.

त्या शिक्षकांनी पेन्सिलीने लिहिलेली ती ओळ असलेले पान मी जपून ठेवले आहे. त्यांनी मला दोष दिला नव्हता. केवळ एक गणिती विधान केले होते, आणि ते खरे होते.